माळ्यावरची जरी

सुरतेच्या लिंबायतमधल्या आम्हा खानदेशी बायकांचा दिवाळीच्या आवराआवरीत ठरलेला प्रश्न: जुन्या साड्यांचं करायचं काय? माझा नियम साधा. दोन दिवाळ्या नेसली नाही, ती साडी परत माळ्यावर चढत नाही. धड असेल तर बोहारणीला. घासाघीस केली की डब्यावर एखादी वाटीही पदरात पडते.

जरीची मात्र आधी पारख करावी. सुरत जरीचं जुनं केंद्र. खरी जरी म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. काठाची एक तार सोडवून दगडावर घासायची. पांढरी दिसली तर चांदी, लालसर दिसली तर तांबं. आतला दोराही पुष्कळदा लाल असतो, त्याला भुलू नये. खऱ्या जरीचा काठ वजनावर विकला जातो. तो जाळून चांदी काढतात.

ऑगस्ट 2006 च्या पुरात तापीने सुरतेतले कितीतरी संसार चिखलात घातले. ‘कधीतरी लागेल’ म्हणून जपलेलंही त्यात गेलं. म्हणून लग्नातला शालू ठेवा, अधूनमधून त्याची घडी बदला, नाहीतर जरी घडीवर तुटते. बाकीच्यांना खुशाल वाट दाखवा.