काचेतला समुद्र आणि जारचं पाणी

खाऱ्या पाण्याचा फिशटँक हा मुंबईकरांचा शौक समजला जातो. तिथे १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने समुद्री माशांची गोडी लावली, आणि समुद्र तर दाराशीच. मराठवाड्यातल्या माजलगावात तो मांडायचा तर नवखा माणूस दुकानातला निळा दिवा, फेस काढणारा स्किमर आणि पाणी गार करणारा चिलर यांच्या किमती ऐकूनच माघारी फिरतो. पण हा खर्चाचा क्रमच उलटा आहे. बेताच्या पैशात पहिला खर्च पाण्यावर, दुसरा विजेवर आणि उरलं तर दिव्यावर करावा.

धरण उशाला असताना पाणी विकत का घ्यायचं, हा प्रश्न रास्त आहे. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात पैठणच्या उजव्या कालव्याने गोदावरीचं पाणीही येतं. मात्र नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बोअरचं पाणी जड, शिवाय त्यात खतांमधलं नायट्रेट उतरलेलं असू शकतं आणि त्यावर शेवाळ माजतं. समुद्री मीठ मिसळायचं ते जवळपास कोऱ्या पाण्यात. गावात मिळणारा आरओचा जार चालेल, पण विरघळलेले क्षार मोजणारा काही शे रुपयांचा टीडीएस मीटर बुडवूनच घ्यावा, कारण चवीसाठी काही ठिकाणी त्यात साधं पाणी मिसळतात. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं बरं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो मीठ लागतं. इथे घरातलं मीठ वापरून काटकसर होत नाही: ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड असतं, माशांना मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही हवं. खारटपणा मोजायला काट्याच्या हायड्रोमीटरपेक्षा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. काट्याला एखादा बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो.

आता उन्हाळा. पारा ४० च्या पुढे गेल्यावर चिलरशिवाय कसं भागणार? जसं माणसांचं कूलरवर भागतं तसं. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना जी उष्णता ओढून नेतं, ती १०० लिटर पाण्याला पाच अंशांहून जास्त उतरवू शकेल इतकी असते. मुंबईच्या दमट हवेत पाणी सहज उडत नाही, म्हणून तिथे नुसत्या पंख्यावर फारसं भागत नाही. मराठवाड्याची कोरडी हवा मात्र हे काम फुकटात करते. काचेचं झाकण काढून जाळी टाकावी आणि छोटा पंखा पाण्यावर तिरपा लावावा. पावसाळ्यात हवा दमट होते खरी, पण तोवर उन्हाचा जोरही ओसरलेला असतो. पंख्याच्या गारव्याची किंमत एकच: पाणी उडतं, मीठ मागे राहतं. १०० लिटरमधले तीन लिटर उडाले की लिटरमागे ३५ चे ३६ ग्रॅम होतात. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारायची आणि रोज रेघेपर्यंत गोडं पाणीच भरायचं. काठावर पांढरी पापडी धरली की काही जण घाबरून आणखी खारं पाणी ओततात. नेमकं तेच करू नये.

वीज गेली की मात्र गंभीर मामला. त्याच तापमानाला खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी प्राणवायू विरघळतो, आणि पाणी तापलं की तोही घटतो. तेव्हा पंप इन्व्हर्टरवर घ्यावा आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवावा. छोटा टँक स्वस्त पडेल, हा युक्तिवादही इथे टिकत नाही. २० लिटर पाणी दुपारभरात तापतं, त्यातला खारटपणा दिवसात बिघडतो. १०० लिटर चुका पोटात घालतं.

दिवा आणि स्किमर मागे ठेवले ते अशासाठी की प्रखर दिवा प्रवाळांना लागतो, आणि भारताच्या समुद्रातली प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती, किंवा प्रवाळ चिकटलेले ‘जिवंत’ दगड विकत घेणं म्हणजे गुन्ह्यात पाय अडकवणं. सच्छिद्र कोरडे दगड पुरतात. दोन क्लाउनफिशना साधा एलईडी चालतो. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास यशस्वी केली आहे, तेव्हा टाकीतच वाढलेले मासे मागावेत. मासे थोडे, दाणे मोजके आणि पाणी वेळच्या वेळी बदललं तर स्किमरवाचून अडत नाही.

टँक मांडायचा तो मार्च-एप्रिलात. अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे सोडायचेच नसतात. तेवढ्यात मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता थर्मामीटर काय दाखवतो आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ तग धरतो, हे रिकाम्या पाण्यावरच कळतं. मासे मृगाच्या सरींबरोबर आणले तरी चालतील.