झोळी धरणारा हात

सकाळी ६:००
टूर द फ्रान्स सायकल शर्यत, डोंगरातला टप्पा. हॉटेलात उत्तेजक चाचणीचे लोक येऊन उभे. आठ स्वारांना उठवायला संघाचा स्वान्यर धावतो. मालीश, खाणं, बाटल्या, कपडे, सगळं त्याच्याकडे. स्वारानं दहा मिनिटं खुर्चीत स्वस्थ बसायचं, मग दंडातून रक्त. २००८पासून प्रत्येकाच्या रक्ताची अशी नोंद राहते. आकडे विचित्र हलले की तज्ज्ञ जाब विचारतात.

७:३०
ट्रकपाशी. मऊ शिजवलेला भात, चीज, साखर. थापायचं, वड्या पाडायच्या, फॉइलमध्ये गुंडाळायच्या. ऊन असलं की शंभरभर बाटल्या सहज लागतात. पावडरच्या डब्याचा बॅच नंबर तो वहीत लिहितो. डब्यात भेसळ निघाली तरी जबाबदार स्वारच.

दुपारी ३:००
रस्त्याची कड. हात ताणून खाण्याची कापडी झोळी धरायची. स्वार ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगात येतो, पट्टा ओढून नेतो. खांद्याला हिसका बसतो. लगेच दुसरी झोळी.

५:३०
अंतिम रेषेपलीकडे तो टॉवेल आणि थंड पेय घेऊन उभा. शेजारी चाचणीचा माणूस. टप्प्याचा विजेता आणि एकूण शर्यतीत आघाडीवर असलेला पिवळ्या जर्सीवाला यांची तपासणी रोजची. आज विजेता याच संघाचा. आता तो स्वार चाचणीच्या माणसाच्या नजरेआड जाणार नाही. किमान ९० मिलिलिटर लघवी. दोन बाटल्या, ए आणि बी. ओतायचं स्वारानं, झाकण घट्ट करायचं त्यानंच.

टप्प्याचं बक्षीस ११,००० युरो. रिवाज असा की बक्षिसं एकत्र जमवायची आणि स्वार, कामगार सगळ्यांनी वाटून घ्यायची. रोजंदारीवरच्या स्वान्यरला हा वाटा मोलाचा.

संध्याकाळी ७:१५
मालीशचं टेबल. एकेका स्वाराला पाऊण तास. अंगठे दुखतात.

स्वान्यरचं हेच काम विली व्होट करायचा. ८ जुलै १९९८ला फ्रान्स-बेल्जियम सीमेवर त्याची गाडी अडवली. फेस्टिना संघाची गाडी, आत ईपीओ, ग्रोथ हार्मोन अशी उत्तेजकं. पुढं संघाच्या व्यवस्थापकानंच कबूल केलं, हे सगळं संघ ठरवून करत होता. नंतर सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग चाचण्यांमधून सुटत राहिला. २०१२ साली त्याची टूरची सातही विजेतेपदं गेली, ती मुख्यतः सहकाऱ्यांच्या साक्षींवर.

रात्री १०:३०
जर्सी मशीनमध्ये. उद्याच्या बाटल्या मांडून ठेवल्या. २०११पासून संघात थकवा भरून काढायला सुई टोचणंही बंद आहे. खोलीत एखादी सुई दिसली, तर ती सगळ्यात आधी स्वान्यरला दिसेल.

म्हणून मला वाटतं, संघ स्वच्छ आहे की नाही हे निव्वळ प्रयोगशाळेच्या कागदावरून कळत नाही. नमुने दहा वर्षांपर्यंत जपून पुन्हा तपासता येतात, ते हवंच. पण जो माणूस रोज स्वाराच्या अंगाला हात लावतो, त्याला बक्षिसाच्या वाट्यावर पाणी सोडून तोंड उघडता आलं पाहिजे. आणि तोंड उघडल्यावर पुढच्या हंगामात त्याला काम मिळालं पाहिजे. तसा संघ दाखवा. त्याच्यावर मी विश्वास ठेवीन.