घरच्या घरी गणित : पुस्तक कोणतं घ्यावं?

काही घरांतून हल्ली लहान मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. अशा आईपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो गणिताच्या पुस्तकाचा. बाजारात रंगीबेरंगी पुस्तकांचा ढीग. त्यातलं घ्यायचं कोणतं?

मैत्रिणींनो, चित्रांवर जाऊ नका. पुस्तकात दशक कसा समजावलाय, ते आधी पाहा. आपण ‘सत्तावीस’ म्हणतो तेव्हा सात आधी येतात, वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी! म्हणून पोर बिचारं ७२ लिहितं आणि आपण त्याला धांदरट म्हणून मोकळ्या होतो. ही अडचण ओळखूनच २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा धर्तीचं वाचन दिलं. टीका पुष्कळ झाली, पण जुनी नावंही पुस्तकात होतीच की!

घरी हे सहज जमतं. खराट्याच्या हिरांचे सारखे तुकडे करा, दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधा. दोन जुड्या, सात सुटे. आधी ‘वीस आणि सात’, मग ‘सत्तावीस’, आणि शेवटी पाटीवर २७. आधी वस्तू, मग चित्र, मग अंक, हा क्रम ज्या पुस्तकात असेल ते खुशाल घ्या.

बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. ती आधी चाळा, मगच पैसे खर्च करा. आणि हो, पुस्तक संपवायची घाई नको. जुडी सोडून सुटे करणं मुलाला जमलं, की हातच्याची वजाबाकी पुढे जड जात नाही.