देणारा कोण, घेणारा कोण? कर्ड्याच्या खतांपासून बिटकॉइनपर्यंत

दख्खनच्या दंग्यांची हकिगत शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावापासून सुरू होते. डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि गावाने बहिष्काराचं हत्यार उपसलं. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दुकानं फुटली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामतीत आहे. लोकांना हवी होती खतं आणि कर्जरोखे. ते हाती लागले की जाळायचे. सावकाराच्या अंगाला बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. आपला धनको कोण हे कुळाला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या वहीत काय लिहिलंय, हे मात्र कळायला मार्ग नव्हता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांसाठी कायदा आणला. शेतकऱ्याने करून द्यायचं खत ग्राम-निबंधकासमोर लिहायचं, त्याला वाचून दाखवायचं आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. फेडलेल्या पैशांची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्कही शेतकऱ्याला मिळाला. कायदा कागदावर चांगला होता, अंमल यथातथाच. पण देवघेव खरी ठरायची तर देणारा-घेणारा ओळखणारं कुणीतरी जबाबदार माणूस मध्ये लागतं, हे त्यात स्पष्ट होतं.

३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनची पहिली नोंद झाली, ती नेमका हा मधला माणूस काढून टाकण्यासाठी. त्याची वही जगभरच्या हजारो संगणकांवर आहे. ती जाळता येत नाही, तिच्यात मागाहून खाडाखोड करता येत नाही आणि कुणीही ती उघडून वाचू शकतो. काळूरामच्या वहीपेक्षा हे सगळं बरं वाटेल, फक्त तिच्यात एकही नाव नाही. नावाच्या जागी असतो ‘१’, ‘३’ किंवा ‘बीसी१’ने सुरू होणारा अक्षरं-आकड्यांचा पत्ता, आणि असे पत्ते कुणालाही फुकट, हवे तितके काढता येतात.

एक व्यवहार जवळून पाहू. मला तुम्हाला सात बिटकॉइन द्यायचे आहेत. माझ्याकडे एका पत्त्यावर चार आणि दुसऱ्यावर पाच आहेत. व्यवहारात दोन्ही एकदम खर्ची पडतात; सात तुमच्या पत्त्यावर जातात आणि मोड म्हणून दोन (थोडं शुल्क वजा जाता) माझ्याच एखाद्या नव्या पत्त्यावर परततात. बघणाऱ्याला दिसतं ते इतकंच: दोन पत्त्यांतून पैसे निघाले, दोन पत्त्यांवर पडले. पैकी घेणारा कुठला आणि मोड कुठली, हे वही सांगत नाही. मात्र निघालेले दोन्ही पत्ते बहुधा एकाच मालकाचे, हा अंदाज निघतो. २०१३ मध्ये सारा मिकलजॉन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात हाच धागा पकडला. निरनिराळ्या बिटकॉइन सेवांशी त्यांनी स्वतः ३४४ व्यवहार केले आणि त्यावरून कुठले पत्ते कुणाचे, हे ओळखलं. शोधाचं शास्त्र उभं राहिलं ते असं, पदरचे पैसे मोजून. अर्थात हा अंदाजच. अनेकांचे पैसे एकाच व्यवहारात मुद्दाम मिसळले की तो कोलमडतो.

आपल्या पुणे जिल्ह्यात पत्त्यामागचा मालक कोण, हा प्रश्न २०१८ मध्ये पोलीस ठाण्यात आला. गेनबिटकॉइन नावाची योजना दरमहा १० टक्के परताव्याचं, तेही १८ महिने, आमिष दाखवत होती. पुण्यात दत्तवाडी आणि निगडी ठाण्यांत गुन्हे दाखल झाले, आणि एप्रिलमध्ये सूत्रधार म्हणून अमित भारद्वाजला अटक झाली. साखळी पद्धतीची योजना. आपल्याला कुणी ओढलं ते गुंतवणूकदाराला माहीत, पण नाणी शेवटी कुणाच्या वॉलेटमध्ये गेली ते अज्ञात. तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधली नाणी परस्पर वळवली आणि पोलिसांना बदललेले स्क्रीनशॉट दिले, असा त्यांच्यावर आरोप आहे. वही सगळ्यांना खुली असताना पुरावा म्हणून स्क्रीनशॉट चालले, यापेक्षा मोठा विनोद नाही.

भारद्वाज जानेवारी २०२२ मध्ये वारला. त्यानंतर वॉलेटचं यूजरनेम आणि पासवर्ड ईडीला द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या भावाला सांगावं लागलं. मालक कोण हे ठरलं तरी वॉलेटच्या चावीवाचून काही हाती लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये प्रकरणं सीबीआयकडे गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये साठहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. त्यांत पुण्याबरोबर नांदेड आणि कोल्हापूरही होतं.

मधल्या काळात कायदा फिरून १८७९ च्याच जागी आला. जून २०१९ मध्ये एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलं की क्रिप्टो पाठवणाऱ्या कंपनीने देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती व्यवहाराबरोबर पुढच्या कंपनीला द्यावी. भारतात १ जुलै २०२२ पासून एक टक्का टीडीएस लागला, म्हणजे पैसे घेणाऱ्याच्या पॅनची विचारपूस आली. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टो बाजार, म्हणजे एक्स्चेंज, मनी लाँडरिंग कायद्याखाली आले. ग्राम-निबंधकाची खुर्ची आता एक्स्चेंजकडे आहे. ज्याची चावी त्याच्याच खिशात, अशा वॉलेटपुढे मात्र ती खुर्ची रिकामीच.

बँकांनी फार नाक वर करू नये. यूपीआयवर पैसे देण्याआधी नाव दिसतं, पण आरटीजीएस आणि एनईएफटीत वर्षानुवर्षं केवळ खाते क्रमांकावर पैसे जमा होत राहिले. पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचं नाव दाखवण्याची सोय करा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आणि त्यासाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत दिली.

तेव्हा शिरूर-दौंडमध्ये कुणी क्रिप्टोत पैसे अडकवले असतील, तर एजंटच्या शब्दावर बसू नका. व्यवहाराचा क्रमांक, दोन्हीकडचे पत्ते, तारीख आणि एजंटशी झालेलं बोलणं जपून ठेवा. फसगत झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा. नाणी एक्स्चेंजच्या खात्यात आहेत तोवरच ती नावानिशी शोधायची बरी संधी असते.