पाण्याची परीक्षा आणि परीक्षण-संचाची पारख

पाणी नितळ आहे, त्याला वास येत नाही आणि चवही चांगली आहे, एवढ्यावरून ते पिण्यास योग्य आहे असे म्हणता येत नाही. विषमज्वराचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यात विरघळलेले फ्लोराइड तर दिसतही नाही आणि जिभेला कळतही नाही. त्याचे अस्तित्व लक्षात येते ते अनेक वर्षांनंतर, मुलांच्या दातांवर आणि हाडांवर. तोपर्यंत झालेली हानी बहुतांशी भरून न येणारी असते. म्हणूनच पाण्याची रासायनिक परीक्षा ही केवळ प्रयोगशाळेतील तज्ज्ञांची बाब राहिलेली नाही. गावोगावी नेता येईल असा छोटा परीक्षण-संच, ज्याला सामान्यतः ‘टेस्ट किट’ म्हणतात, आता शाळेत, ग्रामपंचायतीत आणि आरोग्य केंद्रातही आढळतो. परंतु ज्या संचाने पाण्याची पारख करावयाची, त्या संचाची पारख कोणी करावयाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

जबलपूरच्या परिसरातील एका उदाहरणावरून या प्रश्नाचे महत्त्व लक्षात येईल. आदिवासी समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८४ साली जबलपूर येथे एक संशोधन केंद्र स्थापन केले. या केंद्राच्या संशोधकांनी शेजारच्या मंडला जिल्ह्यातील तिलईपानी या गावाची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. गावातील अनेक मुलांच्या दातांवर डाग पडले होते. पुष्कळांचे गुडघे आत वळून एकमेकांना घासत होते आणि पाय बाहेरच्या बाजूस फाकले होते. या व्यंगाचे कारण हातपंपाच्या पाण्यात सापडले. त्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कित्येक पट होते.

हा विकार भारताला नवा नव्हता. मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात अशा रुग्णांची नोंद १९३७ सालीच झाली होती. काही खडकांत फ्लोराइडयुक्त खनिजे असतात. पाणी अशा खडकांतून दीर्घकाळ झिरपत राहिले की फ्लोराइड त्यात उतरते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइडचा काही भाग त्याच्याशी संयोग पावून अविद्राव्य होतो. कॅल्शियम कमी असेल तर तो पाण्यातच राहतो. त्यामुळे उथळ विहिरीचे पाणी निर्धोक आणि त्याच गावातील खोल कूपनलिकेचे पाणी घातक, असा प्रकार घडू शकतो. एका हातपंपाच्या परीक्षेवरून दुसऱ्याविषयी अनुमान काढणे म्हणूनच धोक्याचे असते. पाणी उकळल्यानेही फ्लोराइड जात नाही. उलट, पाण्याची वाफ होऊन गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत ते चालवून घेता येते. या दोन आकड्यांमधील अंतर अवघे अर्ध्या मिलिग्रॅमचे आहे, ही गोष्ट संच निवडताना प्रथम ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या संचाच्या रंगपट्टीवर शून्य, १, २ आणि ५ एवढेच टप्पे आहेत, त्याला १.२ आणि १.७ यांतील फरक सांगता येणार नाही. अशा संचाने फार तर ढोबळ इशारा मिळेल, निर्णय मिळणार नाही. १ आणि १.५ या अंकांच्या आसपास ज्याचे टप्पे जवळजवळ आहेत, तोच संच या कामास योग्य समजावा.

रंग का बदलतो, हे समजून घेतल्यास पुढील दक्षता आपोआप कळतात. या संचांपैकी बहुतेकांत झिर्कोनियम या धातूचा एका रंगद्रव्याशी संयोग केलेला असतो आणि त्याचा रंग लालसर असतो. फ्लोराइडला झिर्कोनियमची ओढ रंगद्रव्यापेक्षा अधिक असते. ते पाण्यात असेल तर झिर्कोनियम आपल्याकडे ओढून घेते आणि मूळ लालसर रंग फिका पडतो किंवा पिवळसर होतो. रंग जितका अधिक बदलेल तितके फ्लोराइड अधिक. मात्र सर्व झिर्कोनियम खर्ची पडले की रंग आणखी बदलू शकत नाही. तेव्हा दर लिटरला ५ मिलिग्रॅमचे पाणी आणि ९ मिलिग्रॅमचे पाणी सारखेच दिसू लागते. अशा वेळी एक भाग पाण्यात चार भाग ऊर्ध्वपातित पाणी मिसळून पुन्हा परीक्षा करावी आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणावे. ही रीत ज्याच्या माहितीपत्रकात दिलेली नाही, त्या संचाच्या कर्त्याने जास्त फ्लोराइडच्या पाण्याचा विचार केलेला नाही असे समजण्यास हरकत नाही.

पाण्यातील इतर पदार्थही रंगाच्या या क्रियेत ढवळाढवळ करतात. ॲल्युमिनियम हे त्यांतील सर्वांत फसवे होय. ते फ्लोराइडला स्वतःशी बांधून ठेवते, त्यामुळे संचात फ्लोराइड प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. याचा व्यवहारातील परिणाम मोठा आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात फ्लोराइड काढून टाकण्याची जी ‘नालगोंडा पद्धत’ विकसित केली, तीत तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरतात. तुरटी हे ॲल्युमिनियमचेच संयुग आहे. शुद्धीकरण नीट झाले नाही आणि ॲल्युमिनियम पाण्यात उरले, तर फ्लोराइड गेले असा खोटा दिलासा संच देऊ शकतो. उरलेल्या क्लोरीनमुळेही रंगद्रव्य बिघडते. म्हणून शुद्धीकरणानंतरच्या पाण्याची परीक्षा केवळ रंगाच्या संचावर सोडू नये. प्रयोगशाळेत फ्लोराइडसाठी खास इलेक्ट्रोड वापरतात. त्यापूर्वी पाण्यात एक विशिष्ट द्रावण मिसळून ॲल्युमिनियमने धरून ठेवलेले फ्लोराइड मोकळे करतात. या मोजणीवर अधिक विसंबता येते.

कोणता संच कोणत्या पाण्यासाठी बनवला आहे, हा प्रश्न याच मुद्द्याशी निगडित आहे. प्रवाळ आणि सागरी मासे मत्स्यालयात पाळणाऱ्यांना तो चांगला परिचयाचा असतो. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १९ ग्रॅम क्लोराइड असते. गोड्या पाण्यासाठी तयार केलेला संच अशा खारट पाण्यात वापरला, तर आकडा मिळतो, पण त्यावर विश्वास ठेवता येत नाही. संचावर ‘सागरी पाण्यासाठी’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर जाणकार तो घेत नाहीत. हातपंपाच्या पाण्याबाबतही हेच तत्त्व लागू होते. माहितीपत्रकात अडथळा आणणाऱ्या पदार्थांची यादी आणि त्यांची मर्यादा दिलेली असावी. ती नसेल तर किंमत कितीही कमी असली तरी तो संच स्वस्त म्हणता येणार नाही.

तथापि माहितीपत्रक म्हणजे पुरावा नव्हे. संचाची खरी कसोटी ज्ञात द्रावणावरच लागते. २.२१ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवले की त्या पाण्यात दर लिटरला बरोबर १ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. सोडियम फ्लोराइड विषारी असल्यामुळे असे द्रावण घरी करू नये. जिल्हा प्रयोगशाळेतून किंवा महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातून ते तयार करून घ्यावे आणि काचेऐवजी प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावे. मग तीन बाटल्या घ्याव्यात: एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत दर लिटरला १ मिलिग्रॅमचे आणि तिसरीत २ मिलिग्रॅमचे द्रावण. कोणत्या बाटलीत काय आहे हे न सांगता दोन व्यक्तींना स्वतंत्रपणे परीक्षा करू द्यावी. दोघांचे आकडे एकमेकांशी आणि ज्ञात प्रमाणाशी जुळले, तर संच आणि तो वापरणारे हात, दोन्ही विश्वासास पात्र ठरतात. ऊर्ध्वपातित पाण्यातही फ्लोराइड दिसले, तर रसायन बिघडले आहे किंवा नळी अस्वच्छ आहे असे समजावे.

ही कसोटी एकदा घेऊन भागत नाही. महाकोशलच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली रसायने मुदतीपूर्वीच निकामी होऊ शकतात. म्हणून संच विकत घेताना उत्पादनाची तारीख, वापराची मुदत आणि रसायनाची बाटली वेगळी मिळण्याची सोय पाहावी. उन्हाळा संपल्यावर ज्ञात द्रावणावर पुन्हा परीक्षा घ्यावी. रंग नेहमी दिवसाच्या उजेडात, थेट ऊन टाळून, पांढऱ्या कागदासमोर पाहावा. लाल व पिवळ्यातील सूक्ष्म छटा सर्वांनाच सारख्या दिसत नाहीत, हेही विसरू नये.

एक संच सर्व प्रश्नांची उत्तरे देत नाही, हेही सांगितले पाहिजे. मलजन्य दूषण ओळखण्यासाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली हायड्रोजन सल्फाइडवर आधारलेली एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. तीत पाणी दूषित असल्यास बाटलीतील द्रव काळा पडतो. पण बाटली काळी पडली नाही यावरून फ्लोराइड नाही असे ठरत नाही, आणि फ्लोराइड नाही यावरून जंतू नाहीत असेही ठरत नाही.

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना अशा संचांचा वापर शिकवण्याची योजना आहे. पाणी भरणाऱ्या हातांतच पाण्याची परीक्षा यावी, हा विचार योग्यच आहे. मात्र त्यांच्या हाती दिलेला आकडा खरा असला पाहिजे. संचाची चूक दोन प्रकारची असते. चांगले पाणी वाईट ठरले तर काही दिवस दूरवरून पाणी आणावे लागते आणि प्रयोगशाळेच्या तपासणीत ती चूक सुधारते. वाईट पाणी चांगले ठरले, तर मात्र कोणी पुन्हा तपासणी करीत नाही. मुले तेच पाणी पीत वाढतात. म्हणून १ मिलिग्रॅमच्या जवळपास आलेला प्रत्येक आकडा संशयास्पद मानून नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. प्रत्येक हातपंपाची तारीखवार नोंद वहीत ठेवावी. सदोष ठरलेला पंप लाल रंगवून त्याचे पाणी केवळ धुण्याभांड्यांसाठी राखावे.