वजनकाटा, शरीराची घडण आणि शाळेतील प्रगती

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीचा तालुका. भोसले घराण्याच्या राज्यामुळे तंजावर मराठी वाचकांना परिचित आहे. या परिसरासह संपूर्ण तमिळनाडूत शाळा आणि भोजन यांचे नाते जुने आहे. मुख्यमंत्री के. कामराज यांनी १९५६ मध्ये प्राथमिक शाळांत दुपारच्या भोजनाची योजना सुरू केली. एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तिचा मोठा विस्तार केला. २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत न्याहारीची योजना सुरू झाली; पुढील वर्षी तिच्या राज्यव्यापी विस्ताराचा प्रारंभ नागपट्टिनम जिल्ह्यातील तिरुक्कुवळै येथून झाला. मुलांचे शरीर आणि त्यांचा अभ्यास यांचा नेमका संबंध काय, हा प्रश्न या योजनांच्या मुळाशी आहे.

वजनाची मर्यादा

स्नायू, हाडे, चरबी आणि पाणी यांच्या प्रमाणाला शरीराची घडण म्हणतात. उंची व वजनावरून काढला जाणारा बॉडी मास इंडेक्स हे प्रमाण दाखवत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा ठरला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. मात्र पुण्याच्या बालकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत असलेल्या शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हे यातून पुढे आले.

याच मुलांच्या नवव्या वर्षी झालेल्या चाचण्यांत, गरोदरपणी ज्या मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते त्यांची मुले एकाग्रता आणि अल्पकालीन स्मृती यांत मागे असल्याचे आढळले.

दोन टोके, समान अडचण

पाच वर्षांच्या सुमारास मुलाचा मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक ऊर्जा वापरतो. सकाळी उपाशी आलेल्या मुलाचे वर्गात लक्ष न लागण्यामागे हे एक कारण असते. लोहाच्या कमतरतेनेही एकाग्रता मंदावते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वसमावेशक पोषण सर्वेक्षणानुसार १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी २४ टक्के कृश, तर ५ टक्के अतिवजनाचे होते. २८ टक्क्यांना रक्तक्षय होता. मुलींमध्ये हे प्रमाण ४० टक्के होते.

लठ्ठ मुलांनाही हा धोका असतो. अतिरिक्त चरबीमुळे शरीरात सौम्य दाह निर्माण होतो आणि अन्नातील लोह कमी शोषले जाते. झोपेत श्वास अडखळल्यास दिवसा गुंगी येते.

लठ्ठपणा आणि कमी गुण यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला असला, तरी वजनामुळेच गुण घटतात असे त्यातून सिद्ध होत नाही. घरची आर्थिक स्थिती, अपुरी झोप आणि वर्गात होणारी चेष्टा यांचाही त्यात वाटा असतो. व्यायामाच्या बाबतीत पुरावा अधिक ठोस आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सात ते नऊ वर्षांच्या २२१ मुलांचा समावेश होता. शाळा सुटल्यावर नऊ महिने नियमित व्यायाम करणाऱ्या गटाची अवधान आणि मनावर ताबा ठेवण्याची क्षमता अधिक सुधारली.

ताटाचा विचार

केंद्राच्या शालेय पोषण निकषांत प्राथमिक वर्गांसाठी ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने निश्चित केली आहेत. केवळ भाताने पोट भरते, पण स्नायूंच्या वाढीसाठी डाळ आणि अंडे लागते. तमिळनाडूच्या दुपारच्या जेवणात अंड्याला मिळालेल्या स्थानाचे महत्त्व यातून लक्षात येते. त्यामुळे शाळेतील आरोग्य तपासणीत वजनाबरोबरच हिमोग्लोबिन, न्याहारी, झोप आणि खेळाचा तास यांचीही नोंद होणे आवश्यक ठरते.