उघड्या पातेल्यातलं सूप

कुकरच्या शिट्ट्यांवर वाढलेल्या पिढीला झाकणाविना काही शिजवणं म्हणजे गॅसची उधळपट्टी वाटते. हिशेबाने ते खरंच आहे. एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला आणायला सुमारे 75 किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी वाफ करून घालवायचं तर आणखी 540. शाळेत पाठ केलेला हा अप्रकट उष्मा सिलिंडरच्या खर्चात चांगलाच प्रकट होतो. तरी सुपाच्या पातेल्याला झाकण सापडलं नाही म्हणून हळहळू नका. सूप आटतं आणि त्याला चव येते, ती या घालवलेल्या वाफेमुळेच.

आपल्याकडे आटवण्याचं शास्त्र जुनं आहे. शार्ङ्गधरसंहितेतला काढा घ्या: भरड औषधाच्या 16 पट पाणी, मातीचं भांडं, आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत उकळणं. भांडं गच्च झाकून बसलं तर तो आठवा हिस्सा यायचा कधी?

हाडांच्या किंवा मटणाच्या सुपाला उघडं पातेलं विशेष मानवतं. पाणी तापू लागलं की प्रथिनं गोठून करडा फेस वर येतो, तो झाऱ्याने काढता येतो. मंद आचेवर उघड्या पृष्ठभागावरून सतत वाफ निघून जाते, म्हणून पाणी खळखळण्याच्या जरा अलीकडेच राहतं. त्याच आचेवर झाकण ठेवा, आतली उष्णता कोंडते, उकळी फुटते, चरबी आणि फेस घुसळले जाऊन सूप गढूळ होतं. कोल्हापूरकडे पांढऱ्या रश्श्याचं अळणी पाणी काढून झालं, की पुढे नारळाचं दूध घातल्यावर तर नजर हटवायचीच नाही. जोराची उकळी आली की ते फुटतं. कढीचंही तसंच. या दोन्हींना झाकणापेक्षा ढवळणारा हात हवा.

पालकाच्या सुपात कारण वेगळं. पानं शिजताना त्यांतली बाष्पशील आम्लं वाफेबरोबर निघून जातात. झाकणाखाली ती थेंबांतून पुन्हा पाण्यात पडतात आणि हरितद्रव्याचा रंग शेवाळी करतात. (त्यातच टोमॅटो टाकणाऱ्याने मग हिरव्या रंगाची अपेक्षा ठेवू नये.) कोबीच्या सुपाचा उग्र वासही उघड्या पातेल्यात बराच निघून जातो, अर्थात घरभर.

गाजर, बीट, मसूर मऊ व्हायला मात्र कोंडलेली वाफ लागते. झाकण नसेल तर पातेल्यावर पाणी घातलेलं ताट ठेवावं. वाफ थंड ताटाला लागून परत आत ठिबकते, आणि ताटातलं पाणी तापून तयार राहतं. सूप फार आटलं तर तेच घालावं. गार पाण्याने उकळी मोडते आणि शिजायला वेळ लागतो. डाळीचा फेस वर चढू लागला तर ताट थोडं कलतं करावं किंवा तेलाचे दोन थेंब सोडावेत.

पातेलं किती रुंद, यावर आटण्याचा वेग ठरतो. पसरट कढईत सूप झटपट आटतं, उंच टोपात रेंगाळतं. मीठ मात्र कुठेच जात नाही. दीड लिटरच्या हिशेबाने घातलेलं मीठ एक लिटर उरल्यावर दीडपट खारट लागतं. चौघांसाठी लिटरभर सूप हवं असेल तर दीड लिटर पाण्याने सुरुवात करा, भाज्या मऊ झाल्या की ताट काढा, आणि मीठ गॅस बंद करण्याआधी चाखून घाला.